टाकीचं झाकण आणि अडलेली हवा
जुन्या गाड्या : वाचकांचे प्रश्न

नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) तोंडावर आला की जुन्या गाडीवाल्यांची पत्रं वाढतात, आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक तक्रारींचं मूळ इंजिनात नसतंच. ते मागे असतं, टाकीत हवा जाण्या-येण्याच्या वाटेवर. म्हणून या वेळी त्याच विषयाची पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझी पेट्रोल अँबॅसेडर आहे. टाकी फुल करून निघालो की पंधरा-वीस किलोमीटरवर गचके देते आणि बंद पडते. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला, पंपाचा किट बदलला. टाकी अर्धी असली की हा त्रास नाही. दिवाळीत झाकण हरवलं, तेव्हा बाजारातून कुलपाचं नवं झाकण बसवलं, बाकी काही बदललेलं नाही. — दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : दोष त्या कुलपाच्या झाकणातच असण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे. कार्बोरेटर आता पुन्हा खोलू नका.

पंप जेवढं पेट्रोल ओढतो, तेवढी हवा टाकीत आत यावी लागते. जुन्या गाड्यांत ही हवा झाकणाच्या बारीक भोकातून किंवा टाकीच्या माथ्यावरच्या ब्रीदर पाइपातून येते. अलीकडच्या गाड्यांत वाफांसाठी कोळशाचा डबा आणि वेगळ्या नळ्या असतात, त्यामुळे त्यांची झाकणं बंद प्रकारची असली तरी चालतं. दुकानात मात्र दोन्ही झाकणं एकाच फळीवर असतात. आटे जुळले की दुकानदार देतो आणि आपण घेतो.

फुल टाकीवरच त्रास का, याचा हिशेब सोपा आहे. तुमची टाकी साधारण 54 लिटरची. 50 लिटर पेट्रोल भरलं तर वर हवेला जागा राहते फक्त 4 लिटर. पंधरा किलोमीटरमध्ये दीड लिटर पेट्रोल गेलं की त्याच हवेला साडेपाच लिटर जागा भरावी लागते, म्हणजे दाब चौथ्या हिश्शाहून जास्त पडायला हवा. पेट्रोलच्या वाफा थोडी भर घालतात, म्हणून प्रत्यक्षात तेवढा पडत नाही; पण पंपाच्या डायफ्रामला, म्हणजे पेट्रोल ओढणाऱ्या पडद्याला, दमवायला पुरेसा पडतो. अर्ध्या टाकीत वर 27 लिटर हवा असते. तिथे दीड लिटर गेलं तर फरक पाच टक्क्यांच्या आसपास. दहा मिनिटं थांबल्यावर झाकणाच्या वायसरातून कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी पुन्हा चालू लागते.

खात्री करायची तर गाडी बंद पडताच, दुसरं काही न करता, झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुरू झाली तर निदान झालं. आवाज कानाने ओळखू येत नसेल तर तोंडाशी दोरा धरा, तो आत खेचला जातो.

उपाय : हवेची सोय असलेलं झाकण मागून घ्या. ते मिळेपर्यंत याच झाकणाला भोक पाडता येईल. झाकण गाडीपासून दूर नेऊन, साबणाने धुऊन, वाळवून मगच ड्रिल लावा. हवेच्या हिशेबाने 1 मिलिमीटरचं भोकही पुरतं, पण आपल्याकडच्या धुळीत ते बुजतं, म्हणून दीड मिलिमीटर पाडा. भोक फक्त आतल्या पत्र्याला हवं. बाहेरच्या पत्र्याखालून हवा वळसा घेऊन आली की पावसाचं पाणी सरळ टाकीत उतरत नाही आणि वळणावर पेट्रोलही बाहेर उडत नाही. कुलपाच्या यंत्राला धक्का लावू नका, आणि कीस पूर्ण झटकल्याशिवाय झाकण बसवू नका.

प्रश्न : जुनी पेट्रोल जीप, टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढलो, वर झाकण उघडलं तर पेट्रोलचा फवाराच अंगावर आला. उतरताना सीटखालून ‘ढप्प’ असा आवाज येतो. पंप बदलू का? — अचलपूर

उत्तर : पंपाचा यात संबंध नाही. हवेची वाट दोन्ही दिशांनी बंद आहे, आणि घाटाने ते उघडं पाडलं.

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटरवर आहे, परतवाड्यापेक्षा सातशे मीटरच्या आसपास उंच. एवढ्या चढात बाहेरच्या हवेचा दाब साधारण 8 टक्के उतरतो. टाकीत कोंडलेली खालची हवा तशीच राहते आणि वर पोचल्यावर बाहेर ढकलू पाहते. त्यात पेट्रोलमधले हलके अंश 35 ते 40 अंशांपासूनच उकळू लागतात आणि उन्हाळ्यात सीटखालचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापलेला असतो. उतरताना उलट होतं. वर झाकण उघडल्यामुळे आतला दाब तिथल्यासारखा झालेला असतो, खाली बाहेरचा दाब वाढतो आणि पत्रा आत दबतो. तोच ‘ढप्प’.

हा दाब आकड्याने लहान दिसतो, पण पत्र्यावर तो लहान नसतो. दर चौरस सेंटिमीटरला 70 ग्रॅमचा फरक धरला तरी 30 बाय 45 सेंटिमीटरच्या पृष्ठभागावर जवळजवळ 95 किलोचा भार होतो. एक दणकट माणूस टाकीवर उभा राहिल्यासारखं ते आहे. वारंवार असं झालं की जोडाच्या कडेला चीर जाते, आणि ही चीर तुमच्या सीटखाली असते.

म्हणून हे काम पुढे ढकलू नका. गरम गाडीचं झाकण उघडायचंच असेल तर आधी वीस मिनिटं सावलीत उभी करा, फडकं टाकून अर्धा आटा सोडा, हवा निघू द्या, मग पूर्ण काढा. जवळ बिडी-काडी पेटवलेली नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरते आणि लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. झाकणात झडपा असतील तर झाकण रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवा आणि काडीने हलकं दाबून झडप मागे येते का पाहा. गंजून चिकटलेली झडप घासून परत लावण्यापेक्षा नवं झाकण बरं.

प्रश्न : पेट्रोल भरताना आमच्या पद्मिनीत पंपाची नळी सारखी ‘खट’ करून बंद होते, शेवटी पेट्रोल तोंडातून बाहेर उसळतं. पंपावरचे पोरगे म्हणतात गाडीत दोष आहे. — आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : त्यांचं म्हणणं बरोबर आहे. पंपाच्या नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. ते पेट्रोलने झाकलं गेलं की नोझल आपोआप बंद होतं. तुमच्या टाकीतली हवा भरताना पटकन बाहेर पडत नाही, म्हणून पेट्रोल मानेतच तुंबतं आणि नोझलला टाकी भरल्यासारखं वाटतं. भरण्याच्या मानेतून किंवा शेजारून वर येणारी हवेची नळी तपासा. ती बहुधा डिकीतल्या सामानाने दाबलेली, दुमडलेली किंवा उलटी बसवलेली सापडते. रबरी नळी असेल तर काढून उजेडाकडे धरून आरपार दिसतं का पाहा. बाहेरून चांगली दिसणारी जुनी नळी आतून फुगून बंद झालेली असू शकते. इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबराचं असं होतं. बदलताना फ्लोरोइलॅस्टोमर (इंधनाने न फुगणारं खास रबर) अस्तराची, इंजेक्शन गाड्यांसाठीची नळी मागा. पाणी द्यायची किंवा चाकात हवा भरायची नळी चालत नाही.

आणि टाकी गळ्यापर्यंत भरू नका. 40 लिटर पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून थंड आलं आणि उन्हात 15 अंशांनी तापलं तर ते अर्ध्या लिटरहून जास्त फुगतं. ‘खट’ झाल्यावर पुढचं अर्धा-एक लिटर कोंबू नये, ही सवय कोणत्याही दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडते.

प्रश्न : गाडी सहा महिने शेतातल्या शेडमध्ये उभी होती. आता सुरू केली तर चालते, पण पेट्रोलचा वास येतो आणि वरचीच बंद पडण्याची तक्रार. ब्रीदर पाइप कसा साफ करू? — मोर्शी (जि. अमरावती)

उत्तर : शेडमध्ये उभ्या गाडीचा ब्रीदर पाइप म्हणजे कुंभारीण माशीला आयतं घर. 6 ते 8 मिलिमीटरच्या नळीत ती मातीचं घरटं बांधते, आणि काळी माती वाळली की दगडासारखी होते. कापसाच्या दिवसांत जिनिंगच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तंतूंचा बोळाही सापडतो.

आधी पाइप टाकीच्या बाजूने सोडवा. हे आधीच करायचं, कारण गाडीवर असतानाच हवा मारली तर सगळी घाण टाकीत जाते. क्लच वायरची एक तार घेऊन टोक थोडं पिळा, बाहेरच्या टोकाकडून हळूहळू फिरवत आत सरकवा, मग पायपंपाने हवा मारा. तोंडाने फुंकू किंवा ओढू नका. टाकीवरच्या तोटीतही माती आहे का ते बघा.

परत बसवल्यावर झाकण घट्ट लावा, पाइपाचं मोकळं टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा. सकाळच्या उन्हात टाकी तापायला लागली की बुडबुडे येतात. आले म्हणजे वाट मोकळी. न आल्यास अजून कुठेतरी अडलं आहे, किंवा झाकणातूनच हवा जाते. हा पेला संध्याकाळपर्यंत ठेवू नका. टाकी थंड झाली की तेच पाणी आत ओढलं जाईल, आणि इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पाणी जाणं वाईट. पाणी जास्त झालं की इथेनॉल त्याच्यासह खाली वेगळं बसतं आणि पंप पहिल्यांदा तेच उचलतो.

पाइपाची मांडणी अशी हवी : टाकीच्या माथ्यावरून निघून भरण्याच्या तोंडाच्या पातळीच्याही वर एक वळसा, मग खाली. टोक गाडीच्या बाहेर, सायलेन्सरपासून लांब, तिरकं कापलेलं, त्यावर पितळेची बारीक जाळी. कागदाचा पेट्रोल फिल्टर टोकाला लावू नका. ओला झाला की तोच अडथळा होतो. वास कायम राहिला तर फ्लोटचं (पेट्रोलचा काटा हलवणाऱ्या टाकीतल्या तरंगत्या भागाचं) गॅस्केट आणि भरण्याच्या मानेची रबरी नळी बघा, पाइपाच्या मागे लागू नका.

प्रश्न : बंद पडण्याच्या त्रासावर इलेक्ट्रिक पंप लावला. गाडी आता थांबत नाही, पण टाकीचा तळ आत गेला आहे आणि काटा चुकीचा दाखवतो. — वरोरा (जि. चंद्रपूर)

उत्तर : इंजिनवरचा यांत्रिक पंप दमला की गाडी थांबवून सावध करतो. इलेक्ट्रिक पंप दमत नाही, तो टाकीच ओढून घेतो. तळ वर आल्यामुळे फ्लोट पूर्ण खाली जात नाही, म्हणून काटा रिकाम्या टाकीतही पेट्रोल दाखवतो. तळ आणखी वर गेला तर शोषनळीच्या तोंडाशी टेकेल आणि पेट्रोल येणंच थांबेल. आधी हवेची वाट मोकळी करा. मग पंपाचा दाब तपासा. कार्बोरेटरला चौरस सेंटिमीटरला 0.2 ते 0.3 किलोच पुरतो, इंजेक्शन गाडीचा पंप याच्या दहापट देतो आणि कार्बोरेटरची सुईझडप उचलून त्यात पेट्रोलचा पूर आणतो. तसा असेल तर काढून टाका.

टाकीचा तळ हवा मारून बाहेर काढण्याचा मोह टाळा. रिकामी दिसणारी टाकी रिकामी नसते, आतली वाफ पेटायला ठिणगी पुरते, आणि हवेने फुगवलेली टाकी फाटते. टाकी काढून कारागिराकडे द्या. पाण्याने भरून, वाफ पूर्ण घालवून मगच तो हातोडी किंवा झाळणी लावेल. नाही देता आली तर तळ तसाच राहू द्या आणि फ्लोटचा हात वाकवून काटा जुळवा. दोन-तीन लिटर कमी मावतील, एवढंच.

प्रश्न : वरातीत तासभर संथ चालवली की गाडी बंद. झाकण उघडलं तरी काही फरक नाही. — पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : झाकण उघडून फरक नाही म्हणजे टाकी निर्दोष. हे पंपातली किंवा नळीतली वाफ, म्हणजे व्हेपर लॉक. पंपावर ओलं फडकं ठेवून पाच मिनिटांत सुरू झाली तर पक्कं. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या आणि मध्ये पत्र्याची आडभिंत लावा.

प्रश्न : डिझेल जीपला हे लागू आहे का? — काटोल

उत्तर : हो, लक्षण वेगळं. डिझेल ओढताना वाट बंद असली की नळ्यांच्या सांध्यांतून हवा आत शिरते आणि गाडी ‘एअर घेते’. दर आठ-पंधरा दिवसांनी एअर काढावी लागत असेल तर सांधे आवळण्याआधी झाकण सैल करून दिवसभर चालवून पाहा. त्या दिवशी टाकी अर्ध्याहून जास्त भरू नका, नाहीतर खाचखळग्यांत डिझेल बाहेर उडेल.