पुस्तक दिलं की चावते, वाचायला घेतलं की पळते

लहान बाळांच्या आया माझ्याकडे येतात तेव्हा एक तक्रार ठरलेली असते, "मॅडम, एवढी पुस्तकं आणली पण ही बसतच नाही हो." कुणाचं बाळ आठ महिन्यांचं असतं, कुणाचं दीड वर्षाचं. आणि त्याच्या मागोमाग खरी भीती येते, की हिला वाचनाची आवड लागणारच नाही का, मोठी होऊन मोबाईललाच चिकटणार का. हल्ली तर हे इतक्यांदा ऐकते की म्हटलं एका आईची गोष्ट सांगूनच टाकावी. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

आई आयटीत, लेक चौदा महिन्यांची, दिवसभर घरी सासूबाई सांभाळतात. घरात पुस्तकं भरपूर, फ्लॅशकार्डांचे दोन डबे, आणि डोक्यात कायम जावेचा मुलगा, ज्याला म्हणे दीड वर्षाचा असताना सगळे प्राणी, रंग, फळं यायची. "आणि ही काय करते? चावते. नाहीतर दोन पानं झाली की ढकलून देते. मी ऑफिसमधून दमून येऊन तिला घेऊन बसते हो, आणि मग मलाच रडू येतं."

मी म्हटलं, लेकीला घेऊन या आणि रोज जसं वाचता तसंच इथे वाचा.

आली. लेकीला समोर बसवलं, पुस्तक उघडलं आणि सुरू, "हे काय आहे? काऊ. म्हण, काऊ. कुठला कलर आहे? ब्लॅक. आणि हे काय?" पोरीने पुढचं पान उलटायला हात घातला तर आईने पान धरून ठेवलं, "थांब, हे अजून झालं नाही ना!" पोर अर्ध्या मिनिटात सरकत सरकत दाराकडे.

मी म्हटलं, "आता एक करा. पुस्तक तिच्या हातात द्या, तुम्ही शेजारी जमिनीवर बसा आणि काहीच विचारू नका."

पोरीने पुस्तक उलटं धरलं. आईचा हात लगेच ते सरळ करायला पुढे आला, मी खुणेनेच नको म्हटलं. मग तिने कोपरा चावला, तीन पानं एकदम उलटली, एक मागे आणलं, आणि त्या मगाच्याच कावळ्यावर थांबली. पानावर एक जोरदार थाप मारली, "आं!" आणि मान वर करून आईकडे बघितलं.

आईने माझ्याकडे बघितलं. "आता वाचू?"

"आधी तिच्याकडे बघा. ती तुम्हाला काहीतरी दाखवतेय."

मग आई म्हणाली, "हो गं बाई, काऊ! आपल्या गॅलरीत येतो ना, पोळी खायला, तो काऊ!" आणि अगदी मनापासून काव काव केलं. पोरीने परत थाप मारली, आईने परत काव काव, असं कितीतरी वेळ चाललं, दोघी हसतायत. आणि मग ती पोर उठली, पुस्तक छातीशी धरलं, आईकडे पाठ केली आणि मागे मागे सरकत धपकन तिच्या मांडीत बसली.

आईचे डोळे भरून आले. "ही पुस्तक घेऊन आपणहून कधीच आली नव्हती माझ्याकडे."

मी याच क्षणाची वाट बघत असते, आणि आता इतकी बाळं बघून झाल्यावर तो येणार याची मला खात्री असते. माझा सगळा विश्वास नात्यावर आहे, आई-बाळाच्या नात्यावर काम करणारे ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी वाचल्यापासून तो पक्काच झालाय. बाळाला आधी माणूस हवं असतं, पुस्तक आवडतं ते त्या माणसामुळे. साधारण नऊ-दहा महिन्यांच्या पुढे बाळ बोट दाखवायला लागतं आणि लगेच तुमच्या तोंडाकडे बघतं, म्हणजे 'तुला पण दिसलं का?' असं विचारत असतं. वाचन तिथे सुरू होतं. त्या क्षणी आपण "हा कलर कुठला?" विचारलं की त्याच्या गप्पांची आपण तोंडी परीक्षा करून टाकतो. चौदा महिन्यांच्या मुलीला बसता येत नव्हतं असं नाही, तिला बोलायचं होतं आणि तिचं कुणी ऐकत नव्हतं, मला त्या दिवशी हे फार स्पष्ट दिसलं.

दुसरी अडचण सासूबाईंची. पुस्तक म्हणजे सरस्वती, ते तोंडात घालायचं, पायाखाली यायचं म्हणजे काय! आपल्या बऱ्याच घरांत हे आहे आणि त्यामागची भावना मला मोलाची वाटते. त्यांना मी एवढंच म्हटलं, "आजी, या वयात तोंड म्हणजेच तिचा हात, ती खुळखुळा पण तसाच ओळखते की नाही?" जाड पुठ्ठ्याची आणि कापडी पुस्तकं वेगळ्या टोपलीत, तिचा हात पोचेल अशी खाली ठेवायची, पातळ कागदाची आणि पिनांची वर, कारण कागदाचा तुकडा नाहीतर पिन घशात अडकू शकते. आता पुस्तक पायाशी पडलं की आजी ते उचलून कपाळाला लावतात आणि परत नातीच्या हातात देतात. नात पण बघून बघून पुस्तक कपाळावर आपटते. आणि ऐका, आजींचं शिक्षण कमी झालंय पण चित्रावरून गोष्ट त्या झकास रचतात, सुनेला म्हटलं अधूनमधून नुसतं ऐकत बसा.

खूप जणी विचारतात कधीपासून सुरू करायचं. अगदी जन्मापासून. पोटात असतानाच बाळाला आईचा आवाज ऐकू येत असतो, जन्मल्यावर साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवरचं त्याला बरं दिसतं, म्हणजे मांडीवर घेतल्यावर तुमचा चेहरा असतो तेवढ्यावर. तेव्हा काळ्या-पांढऱ्या ठळक आकारांचं पुस्तक, नाहीतर एखादं बडबडगीत, काहीही चालतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्येच तान्हेपणापासून वाचून दाखवायचा सल्ला दिलाय, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांमध्ये दोन वर्षांखालच्यांना बसून स्क्रीन बघायला देऊच नका, त्याऐवजी पुस्तक नाहीतर गोष्टी, असं आहे. जेवताना मोबाईल लावणाऱ्यांनी निदान हे लक्षात ठेवा.

भाषा कुठली? तुम्ही ज्या भाषेत लाड करता आणि रागावता ती. पुढे इंग्लिश मीडियमला जाणार म्हणून आत्ता अडखळत इंग्लिश वाचू नका. पुस्तकांसाठी फार खर्च पण नको, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त मिळतात, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत. मोबाईलवर आपण आधी वाचून ठेवायच्या आणि बाळाला तोंडी सांगायच्या. कालनिर्णयवरचे आकडे, बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र, रस्त्यावरच्या पाट्या, हेही वाचनच.

एक मात्र गंभीरपणे सांगते. वर्षाचं झालं तरी नावाने हाक मारली की वळत नाही, दीड वर्षापर्यंत बोट दाखवत नाही, असं असेल तर पुस्तकं बदलत बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या.

त्या आईचा परवा फोन आला. आता तक्रार उलटी आहे, रोज रात्री तेच एक पुस्तक लागतं. "मॅडम, मला पाठ झालं हो, दोन पानं गाळली तर चालेल का?"

म्हटलं, गाळून बघा, ती लगेच पान मागे आणेल. पुढे काय येणार हे माहीत असण्यातच या वयाच्या मुलांना सगळी गंमत असते, आणि तोच शब्द त्याच चित्रापाशी पुन्हा पुन्हा कानावर पडला की तो पक्का होतो. तुम्हाला कंटाळा आला तर एक दिवस आजींना वाचू द्या, एक दिवस बाबांना, पण पुस्तक तेच राहू द्या, तिचं मन भरलं की ती स्वतःच दुसरं उचलेल.