क्लॅमिडियाचा कोर्स पूर्ण झाला तरी लघवीची जळजळ जात नाही, दुसरा कोर्स घेऊ का?

दुसऱ्या कोर्सचं नंतर बघू. प्रश्नाच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की गर्लफ्रेंडला काहीच त्रास नाही म्हणून तिला अजून सांगितलं नाही. ते वाचलं आणि राहवलं नाही.

मला क्लॅमिडिया, म्हणजे संबंधातून पसरणारा हा जंतू, निघाला तेव्हा अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं, संबंधानंतर रक्ताचा डाग दिसायचा. डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी दिली, 100 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, 7 दिवस. एकही गोळी चुकवली नाही, दूध आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या त्या वेळेला लांब ठेवल्या कारण त्यांच्याबरोबर डॉक्सी नीट शोषली जात नाही. बरं वाटलं आणि काही आठवड्यांनी सगळं परत सुरू. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत नवऱ्याचंही औषध लिहून दिलं होतं, मी ते आणूनही ठेवलं होतं, पाकीट ड्रॉवरमध्ये तसंच पडलेलं. मला कुठे काय होतंय, लघवी साफ होते, दुखत नाही खुपत नाही, मी कशाला गोळ्या खाऊ, हे त्याचं म्हणणं. आणि मी परत आजारी पडले तर काय, तर तू गोळ्या नीट घेतल्या नसशील, नाहीतर जंतूच औषधाला दाद देत नसतील, हल्ली सगळे जंतू तसलेच झालेत. हे नणंदेसमोर बोलला आणि तिनंही मान डोलावली. माझ्यावर परत उपचार करायच्या आधी डॉक्टरांनी त्याची टेस्ट करायलाच लावली तेव्हा पॉझिटिव्ह आली, त्रास काडीचा नाही. मग दोघांनी एकाच वेळी कोर्स केला आणि माझं दुखणं थांबलं. नणंदेला ते कुणी सांगितलं नाही, हे मला अजून लागतं.

तेव्हा मला बोलता आलं नाही पण आता सगळं वाचलंय म्हणून सांगते. औषधाला दाद न देणारे जंतू असतात, गोनोरिया (संबंधातूनच होणारा दुसरा आजार) त्यात सगळ्यात पुढे आहे, त्याच्यावर एकामागून एक औषधं निकामी झाली म्हणून आता सेफ्ट्रायॅक्सोनचं इंजेक्शन देतात. पण क्लॅमिडिया त्यातला नाही, डॉक्सीला न जुमानणारा क्लॅमिडिया जवळजवळ सापडतच नाही. तो परत येतो तो बहुतेक वेळा उपचार न झालेल्या पार्टनरकडून. बहुतेक बायकांना आणि बऱ्याच पुरुषांना त्याचा काहीही त्रास होत नाही, त्यामुळे "त्रास नाही" हा पुरावा नाहीच. आणि बाईमध्ये तो गुपचूप वर गर्भनलिकांपर्यंत जातो, परत परत झाला की मूल न होण्याचा धोका वाढतो. तुमच्या गर्लफ्रेंडला हे तुम्ही नाही तर कोण सांगणार?

आता तुमचं. कोर्स संपून 3 आठवडे झालेत म्हणता. नुसती थोडी जळजळ असेल तर जंतू मेल्यावरही सूज उतरायला वेळ लागू शकतो. घाईनं पीसीआर टेस्ट (जंतूचा जनुकीय अंश शोधणारी) करू नका, 4 आठवड्यांच्या आत केली तर मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग उगाच घाबराल. 3 महिन्यांनी मात्र पुन्हा टेस्ट कराच. पण स्राव येतच असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा की मायकोप्लाझ्मा जेनिटॅलियम आणि ट्रायकोमोनास हे संबंधातून पसरणारे दुसरे जंतू बघितलेत का. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिका, म्हणजे पेशीभोवतीची भिंतच नसते, त्यामुळे त्या भिंतीवर घाव घालणारी पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्याच्यावर चालतच नाहीत, एकट्या डॉक्सीनंही तो बहुधा जात नाही, आणि अ‍ॅझिथ्रोमायसिनला तो फार ठिकाणी सरावलाय, मग मॉक्सिफ्लॉक्सासिन लागतं. ट्रायकोमोनासचं औषध आणखी वेगळं. म्हणून टेस्टशिवाय, मेडिकलवाल्याला विचारून स्ट्राँग काहीतरी घेणं हा शुद्ध मूर्खपणा आहे. तुम्ही घेऊ का विचारताय, माझं उत्तर नाही.

सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या तरी जळजळ राहिली असंही होतं, ओटीपोटाखालचे स्नायू आखडलेले असतात, किंवा माणूस स्राव येतो का बघायला दिवसभर दाबून दाबून तीच जागा चिघळवतो, ते थांबवा. त्याला अँटिबायोटिक्सचा उपयोग नाही, फिजिओथेरपीनं काहींना बरं वाटतं. हो, आणि वृषण सुजलं किंवा दुखायला लागलं, ताप आला, सांधे धरले, डोळे लाल झाले तर यातलं काही वाचत बसू नका, लगेच दाखवा. मी डॉक्टर नाही.

गर्लफ्रेंडला आजच सांगा. समोर बोलायला जमत नसेल तर रिपोर्टचा फोटो पाठवा आणि खाली लिहा की तूही टेस्ट कर, औषध घ्यावं लागेल. गेल्या 2 महिन्यांत आणखी कुणाशी संबंध आला असेल तर त्यांनाही. तिचे 7 दिवस पूर्ण होईपर्यंत आणि तुमची जळजळ कशाची ते कळेपर्यंत संबंध बंद ठेवा, आणि ती पहिल्यांदा चिडली तर चिडू दे, तिच्या गोळ्या तिच्या हातात पडल्या की नाही एवढं बघा.