तंबू एकटीचा, मेळावा शेकडोंचा

"सगळे आपापल्या गटानं येणार. मी तंबूबाहेर खुर्ची टाकून बसणार आणि येणारे-जाणारे म्हणणार, ही बिचारी कोण?"

हे वाक्य थोड्याफार फरकानं मी अनेकांकडून ऐकलंय. कुणाला ट्रेकिंग ग्रुपबरोबर जायचं असतं, कुणाला शाळेच्या बॅचच्या गेट-टुगेदरला. माझ्याकडे येणाऱ्या रूथला जायचं होतं पेगन, म्हणजे निसर्ग पवित्र मानणाऱ्या पंथांच्या मेळाव्याला, तेही पाच-सहा दिवस तंबूत राहायला. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. लिहायला तिची परवानगी आहे.)

मी अमेरिकेत, विस्कॉन्सिनमध्ये समुपदेशन करते. इथे हा विषय वाटतो तितका दुर्मीळ नाही. 'सर्कल सँक्च्युअरी' ही पेगन संस्था १९७४ साली याच राज्यात सुरू झाली, आणि ती स्थापन करणाऱ्या सेलेना फॉक्स स्वतः मानसोपचाराच्या क्षेत्रातल्या. या संस्थेचं 'पेगन स्पिरिट गॅदरिंग' १९८० पासून जूनमध्ये, वर्षातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास भरतं. रूथ नेमकी कुठे गेली ते सांगत नाही, पण प्रकार हाच.

पेगन म्हणजे एक धर्म नव्हे. विक्का, प्राचीन केल्टिक पुरोहितांचा वारसा सांगणारे ड्रुइड, नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या देवदेवता मानणारे, असे बरेच पंथ त्या एका छत्रीखाली येतात. यातला विक्का हा पंथ १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेराल्ड गार्डनर यांच्यामुळे लोकांसमोर आला. निसर्ग पवित्र मानायचा, ऋतूंप्रमाणे वर्षात आठ सण करायचे, एवढं बऱ्याच जणांत समान. मात्र एकच ग्रंथ नाही, एकच धर्मपीठ नाही. त्यामुळे असंख्य लोक पुस्तकं वाचून घरच्या घरी, एकट्यानंच साधना करतात. रूथ त्यातलीच. वय पन्नाशीचं, शाळेच्या ग्रंथालयात नोकरी, माहेर कट्टर लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंट ख्रिस्ती. शिवणकामाच्या खोलीत कपाटाच्या एका फळीवर तिचं छोटं देवघर होतं आणि आई येणार असली की त्या कपाटाला कुलूप. इतकी वर्षं एकटीनं केल्यावर तिला एकदा तरी आपल्यासारख्या माणसांत जायचं होतं. नवऱ्याचा विरोध नव्हता, पण त्याला यात रसही नव्हता.

पहिल्या भेटीत मी तिला भीतीची यादी करायला सांगितली. यादी लांबलचक निघाली. 'लोक काय म्हणतील' अगदी वर, 'विधीत काहीतरी चुकेल' त्याखाली, मग 'रात्री तंबूत एकटी', मग 'जेवायला कुणाबरोबर बसू'. पाऊस यादीत कुठेच नव्हता. २०१५ साली इलिनॉय राज्यात भरलेल्या 'पेगन स्पिरिट गॅदरिंग'च्या मैदानात इतकं पाणी भरलं की मेळावा मध्येच गुंडाळावा लागला होता. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती खळखळून हसली. खऱ्या संकटाला जागाच नाही आणि कल्पनेतल्या संकटांची गर्दी, हे तिचं तिलाच दिसलं.

तरी सगळ्या भीती एका मापानं मोजायच्या नसतात. रात्री तंबूत एकट्या बाईनं झोपणं ही रास्त काळजी आहे, ती 'सकारात्मक विचार करा' म्हणून उडवून लावायची नाही. म्हणून यादीचे दोन भाग केले. एका भागावर व्यवस्था करायची, दुसऱ्यावर मनाचं काम.

व्यवस्थेचा भाग आधी घेतला. आयोजकांना सरळ पत्र लिहून विचारायचं: त्रास झाला तर तक्रार कुणाकडे करायची, रात्री गस्तीला कोण असतं, प्रथमोपचार कुठे, फोटो काढण्याबद्दल नियम काय. काही मेळाव्यांत ठरावीक भागात कपडे न घालण्याची मुभा असते, तेही विचारून घ्यायचं, म्हणजे तिथे गेल्यावर दचकायला नको. माझं मत इथे स्पष्ट आहे. या प्रश्नांना 'आपण सगळे एक कुटुंब आहोत' असं गोड उत्तर आलं, तर जाऊ नये. कुटुंबातही त्रास होतो, हे माझ्या खोलीत येणाऱ्यांना सांगावं लागत नाही. रूथला नेमकी उत्तरं मिळाली. मग तंबू कडेला झाडीत न लावता स्वच्छतागृहाच्या वाटेजवळ लावायचा, गाडीची किल्ली आणि टॉर्च उशाशी, बहिणीला रोज संध्याकाळी एक मेसेज, असं ठरलं. सिग्नल मिळेलच असं नव्हतं, म्हणून एक दिवस मेसेज आला नाही तर घाबरायचं नाही हेही बहिणीला सांगून ठेवलं. गोचिड्यांसाठी औषध घेतलंच. मिडवेस्टातल्या, म्हणजे अमेरिकेच्या उत्तर-मध्य भागातल्या जूनमध्ये ते देवदेवतांइतकंच महत्त्वाचं.

मनाचा भाग जास्त चिवट होता. रूथनं स्वतःसाठी एक परीक्षा लावून घेतली होती: शेवटच्या दिवसापर्यंत तीन-चार मैत्रिणी झाल्याच पाहिजेत. असं ठरवून गेलं की प्रत्येक गप्पा म्हणजे इंटरव्ह्यू. त्यात बुजऱ्या माणसाला एक सवय असते. समोरच्याला आपण आवडलो नाही असं तो धरूनच चालतो. २०१८ मध्ये मानसशास्त्रज्ञ एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी यावर संशोधन प्रसिद्ध केलं. अनोळखी माणसांना आपसांत बोलायला लावलं आणि नंतर दोघांनाही वेगवेगळं विचारलं. बहुतेकांना वाटलं होतं त्यापेक्षा समोरच्याला ते जास्त आवडले होते. रूथ ग्रंथपाल असल्यामुळे असेल, छापील पुराव्यावर तिचा विश्वास लवकर बसला. पण विश्वास बसला म्हणून पाय उचलतातच असं नाही.

पाय उचलायला लागतं काम. ही माझी आवडती युक्ती आहे. 'जा, मिसळ' या सल्ल्याचा अशा माणसाला काडीचा उपयोग होत नाही. लग्नात ज्याला कुणी ओळखत नाही त्यालाही पंगतीत वाढायला उभं केलं की तो कुणाकडचा हे कुणी विचारत नाही. अशा मेळाव्यांत बऱ्याच ठिकाणी प्रत्येकानं थोडा वेळ कामाची पाळी करायची असते: प्रवेशद्वारावर नोंदणी, साफसफाई, मुलांच्या उपक्रमांत मदत, होमासारख्या सतत तेवत्या अग्नीपाशी लाकडं पुरवणं. रूथ आपली पाळी शेवटच्या दिवशी 'उरकून' टाकणार होती. मी म्हटलं, "पहिल्याच सकाळी घ्या, आणि जिथे लोकांना तुमच्याशी बोलावंच लागेल असं काम मागा." तिनं नोंदणीचं टेबल मागितलं.

विधीच्या भीतीवर उपाय सोपा होता, माहिती. विधीसाठी लोक वर्तुळ करतात, त्यात साधारणपणे घड्याळाच्या दिशेनं फिरायचं. पवित्र अग्नीत कचरा किंवा सिगारेटचं थोटूक टाकायचं नाही. विधी चालू असताना वर्तुळ सोडायचं असेल तर असंच उठून न जाता सांगायचं, मग कुणीतरी वर्तुळात 'दार' उघडून देतं. या शेवटच्या नियमानं तिला सर्वांत जास्त धीर आला. बाहेर पडायची रीतच ठरलेली असेल तर आत जायला माणूस कमी घाबरतो. शिवाय तिथे बरेच जण खरं नाव न सांगता स्वतः घेतलेलं नाव वापरतात, त्यामुळे आईच्या चर्चपर्यंत बातमी जाण्याची धास्तीही थोडी सैल झाली.

एक सूट मी तिला आधीच दिली. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर वाटलं तर तंबू उतरवून घरी यायचं, कारण द्यायचं नाही. पण त्याआधी निघायचं नाही. पहिली रात्र सगळ्यांनाच जड जाते, तिच्या जोरावर निर्णय घेऊ नये.

परत आल्यावर तिनं सांगितलेलं थोडक्यात. पहिली संध्याकाळ वाईट गेली. शेजारच्या तंबूंत जुने मित्र गळ्यात पडत होते, आणि ही खुर्चीवर बसून आधी वाचून झालेलं पुस्तक पुन्हा वाचत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी नोंदणीच्या टेबलावर तिच्याबरोबर ओहायोहून आलेली एक निवृत्त नर्स होती. नावांच्या चिठ्ठ्या वर्णानुक्रमे लावलेल्या नाहीत हे बघून रूथला राहवलं नाही, तिनं सगळ्या नीट लावल्या. नर्स म्हणाली, "तू उद्याही ये." दुपारपर्यंत 'चिठ्ठ्यांवाली' म्हणून तिला लोक ओळखायला लागले. रात्री ढोल वाजत असताना ती अग्नीच्या वर्तुळात नाचली नाही, कडेला बसली. तिथे तिच्यासारखे कडेला बसणारे बरेच निघाले, आणि त्यातले निम्मे एकटे आलेले.

चौथ्या दिवशी ती घरी आली. मैत्रीण म्हणावी अशी एकच झाली, ती नर्स. एका संध्याकाळी एकानं नको इतकं जवळ येऊन बोलायला सुरुवात केली. ती उठून गस्तीवरच्या स्वयंसेवकांपाशी जाऊन उभी राहिली आणि विषय तिथेच संपला. हे सांगताना तिचा आवाज जराही बदलला नव्हता.

आता आमच्या भेटींत मेळाव्याचा विषय निघत नाही. कपाटाचं कुलूप आणि आई, यावर बोलणं चालू आहे.