'हॅपनिंग' नावाचा कलाप्रकार म्हणजे प्रेक्षकांना आत ओढून घेणारं नाटकच ना? मग वेगळं नाव कशाला?

मलाही आधी असंच वाटायचं. शिवाय नावावरून असा समज व्हायचा, की चार माणसं जमतात आणि सुचेल ते करतात. पण हे नाव ज्याच्यामुळे रूढ झालं, त्या अ‍ॅलन कॅप्रो या अमेरिकन कलावंताच्या पहिल्या मोठ्या प्रयोगात सुचेल ते करायला फारशी मुभाच नव्हती.

ऑक्टोबर १९५९, न्यूयॉर्कची रूबेन गॅलरी, '१८ हॅपनिंग्ज इन ६ पार्ट्स'. अर्धपारदर्शक प्लास्टिक लावून जागेच्या तीन खोल्या केलेल्या. आलेल्यांच्या हातात कार्डं: केव्हा कुठल्या खोलीत बसायचं. घंटा झाली की सुरू, घंटा झाली की बंद. टाळ्यासुद्धा वाजवायच्याच तर सहाव्या भागानंतर! (शाळाच म्हणा ना.) एका खोलीत संत्री पिळणं चाललंय, शेजारी काय चाललंय ते प्लास्टिकमधून धूसर दिसतंय. तीन खोल्या, सहा भाग, म्हणून अठरा. पण ती अठराही धडपणे कुणालाच बघता येणार नव्हती. नाटक संपल्यावर सगळे एकाच नाटकाबद्दल भांडतात, इथे ती सोय नाही.

पुढे कॅप्रोने प्रेक्षक हा प्रकारच काढून टाकला. १९६७ च्या 'फ्लुइड्स'मध्ये लॉस एंजेलिस आणि पॅसाडिना भागात लोकांनी बर्फाच्या लाद्या रचून बिनछपराच्या खोल्या बांधल्या, साधारण ३० फूट लांब, १० फूट रुंद, ८ फूट उंच. बांधल्या आणि वितळायला सोडून दिल्या. बघायला कुणी आलंच, तर त्याला ओल्या हातांनी राबणारी माणसं दिसली असतील. खरा मामला राबणाऱ्यांचा होता.

माझा स्वतःचा अनुभव अगदी किरकोळ आहे. एका कार्यशाळेत मला चिठ्ठी मिळाली: 'समोरच्याच्या बुटाची नाडी सोडा, पुन्हा बांधा. पाच वेळा. बोलायचं नाही.' समोर अनोळखी गृहस्थ. पहिल्यांदा दोघांनाही हसू आवरेना. दुसऱ्यांदा मला चक्क राग आला, हा काय पोरखेळ म्हणून. तिसऱ्यांदा त्यांनी न सांगता पाय पुढे केला, आणि मी गाठ जरा सैल बांधली, कारण आधीची त्यांना काचत होती हे मला एव्हाना कळलं होतं. बाजूला उभं राहून कुणी बघत असतं, तर त्याला यातलं काहीही दिसलं नसतं.