वाचकांचे प्रश्न : शंभर वर्षांच्या अंतराने एका छताखाली

प्रश्न : २०१८च्या अखेरीस मुलीकडे न्यूयॉर्कला गेलो असताना गुगेनहाइम म्युझियममध्ये हिल्मा आफ क्लिंट या स्वीडिश चित्रकर्तीचे मोठे प्रदर्शन पाहिले. त्याच्याच जोडीला आर. एच. क्वेटमन या आजच्या अमेरिकन चित्रकर्तीची चित्रे लावली होती. जुन्या, नावाजलेल्या चित्रांच्या शेजारी नवी चित्रे लावणे म्हणजे उसन्या प्रतिष्ठेवर नव्यांना मोठे करणे नव्हे काय? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपली शंका अनेक प्रदर्शनांच्या बाबतीत रास्त ठरेल. जुन्या चित्रात एक वर्तुळ आहे, नव्यातही एक वर्तुळ आहे, एवढ्या भांडवलावर दोन काळांची सोयरीक जुळवणारी दालने काही कमी नाहीत. परंतु आपण पाहिलेल्या जोडीत उसनवारीचा हिशेब नेमका उलटा आहे. हिल्मा आफ क्लिंट (१८६२–१९४४) यांचे नाव कलेच्या इतिहासात फारसे कोणी घेत नव्हते, त्या काळात, म्हणजे १९८९ साली, न्यूयॉर्कमधील पी. एस. वन या कलाकेंद्रात त्यांचे प्रदर्शन जुळवून आणले ते याच क्वेटमन यांनी. गुगेनहाइममधील प्रदर्शन त्यानंतर एकोणतीस वर्षांनी झाले आणि सहा लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. तेव्हा कोणी कोणाला हात दिला, हे आपणच ठरवावे.

क्वेटमन आपल्या प्रत्येक चित्रमालिकेला ‘प्रकरण’ म्हणतात. आपण पाहिलेले प्रकरण चौतिसावे होते आणि त्याच्या शीर्षकात अधिकाची खूण व फुली अशी दोन चिन्हे होती. ती हिल्मा यांचीच आहेत. आपल्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी जे उघडायचे, त्यावर ही खूण असेल, अशी नोंद त्यांनी १९३२ साली वहीत करून ठेवली होती. आपल्या चित्रांचा प्रेक्षक अजून जन्मायचा आहे, अशी त्यांची धारणा होती. ही खूण शीर्षकात घेणे म्हणजे, माझ्या मते, भावी प्रेक्षकाला उद्देशून केलेल्या त्या नोंदीची पोच देणे आहे.

आता चित्रांकडेच वळू. प्रवेशानंतरच्या उंच दालनातील ‘दहा सर्वांत मोठी’ ही १९०७ची मालिका आपल्याला आठवत असेल. सुमारे सव्वातीन मीटर उंच आणि दोन मीटर चाळीस सेंटिमीटर रुंद अशी ही दहा चित्रे बालपण, तारुण्य, प्रौढपण आणि वार्धक्य अशा क्रमाने जातात. ती कागदावर टेंपेरा, म्हणजे अंड्यासारख्या चिकट द्रवात कालवलेल्या, रंगांत केलेली असून तो कागद मागाहून कॅनव्हासवर चिकटवलेला आहे. जवळ गेल्यावर कुंचल्याची घाई दिसते. ‘मंदिरासाठीची चित्रे’ या १९०६ ते १९१५ या काळातील १९३ चित्रांच्या मालिकेचा हा भाग होय. तिच्या सुरुवातीच्या चित्रांविषयी हिल्मा यांचे म्हणणे असे की, ती आपल्याकडून कोणी तरी काढवून घेतली, पूर्वरेखाटन असे काही नव्हतेच.

क्वेटमन यांच्याकडे लाकडी फलक असतो, त्यावर जेसोचे, म्हणजे पांढऱ्या लेपाचे, गुळगुळीत अस्तर, अनेकदा त्यावर स्क्रीनप्रिंटने, म्हणजे जाळीतून रंग दाबून, उमटवलेली प्रतिमा. कडा आतल्या बाजूला तिरप्या तासलेल्या असल्यामुळे फलक भिंतीपासून सुटल्यासारखा भासतो. एकीचा हात अदृश्य शक्तीच्या स्वाधीन, तर दुसरीने छपाईच्या जाळीला पुढे करून आपला हात मागे घेतलेला. हे चित्र केले कोणी, हा प्रश्न दोन्हीकडे शिल्लक उरतो. क्वेटमन पाहून पुन्हा खाली उतरलो, की ती दहा चित्रे केवळ फुलाफळांची रंगीत आरास वाटत नाहीत. जोडीने साधले ते हे, आणि माझ्या लेखी ते पुरेसे आहे.

हिल्मा यांच्या मनातील मंदिर सर्पिल होते आणि फ्रँक लॉइड राइट यांनी बांधलेले गुगेनहाइमही तसेच आहे, या योगायोगाचे मात्र फार कौतुक झाले. मला त्यात विशेष काही दिसत नाही.

प्रश्न : याच म्युझियममध्ये आपले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचेही प्रदर्शन झाले होते. त्यांची चित्रे अशीच अमूर्त चित्रकलेतील आद्य रशियन चित्रकार कांडिन्स्की यांच्या जोडीला लावता येतील काय? (एक वाचक, पणजी)

उत्तर : ते प्रदर्शन ऑक्टोबर २०१४ ते फेब्रुवारी २०१५ या काळात झाले. हे म्युझियम १९३९ साली सुरू झाले, तेव्हा त्याच्या नावातच ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह पेंटिंग’ (वस्तुनिरपेक्ष चित्रकला) हे शब्द होते आणि नागपुरात जन्मलेले, जे. जे.मध्ये शिकलेले गायतोंडे स्वतःच्या चित्रांसाठी ‘अमूर्त’पेक्षा ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ हाच शब्द पसंत करीत. तरीही कांडिन्स्कींशी जोडी मला पटत नाही. कांडिन्स्कींचे रंग वाद्यवृंदासारखे एकमेकांवर आदळतात. गायतोंडे यांची उत्तरकाळातील चित्रे एकाच रंगाच्या पोटात उतरतात. रोलरने पसरलेला आणि पुन्हा खरवडून काढलेला थर तेथे हळूहळू डोळ्यांत भरतो, आणि शेजारचा गलबला त्याला सोसणार नाही. जोडी लावायचीच तर स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेले चित्रकार पॉल क्ली यांच्याशी लावावी. गायतोंडे यांना ते आवडत, हे सर्वश्रुत आहे. १९५०च्या दशकातील गायतोंडे यांचे एखादे लहान चित्र आणि क्ली यांचा हातभर जलरंग, दोन्ही एका भिंतीवर, मध्ये बरीच मोकळी जागा सोडून.