वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरे : गोचीड, पिसवा आणि आपले घर

प्रश्न : आमचा चार वर्षांचा लॅब्राडोर आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. दर रविवारी त्याला गोचिडांच्या शाम्पूने अंघोळ घालतो, अंगावरचे गोचीड एकेक करून काढतो, महिन्यातून एकदा मानेवर औषधाचे थेंबही सोडतो. तरी आठवड्याभरात पुन्हा तितकेच गोचीड दिसतात. परवा तर ते भिंतीवरून छताकडे चढताना दिसले. कुत्रा दिवसातून दोनदाच खाली जातो, मग एवढे गोचीड येतात कुठून? — एक वाचिका, पुणे

उत्तर : बहुतेक गोचीड बाहेरून येत नसून आपल्याच घरात जन्माला येत आहेत. भिंतीवर चढणारे गोचीड हीच त्याची खूण आहे. आपल्याकडे कुत्र्यांवर सर्वाधिक आढळणारा तपकिरी गोचीड इतर अनेक गोचिडांप्रमाणे गवत-झुडपांवर अवलंबून नसतो. त्याचे सगळे आयुष्य चार भिंतींच्या आत पार पडू शकते. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू कुत्र्याला चिकटते, काही दिवस रक्त पिऊन गळून पडते आणि फटीत जाऊन कात टाकते. आठ पायांचे झाले की पुन्हा कुत्र्यावर येते, पुन्हा गळते, पुन्हा कात टाकते आणि प्रौढ होऊन तिसऱ्यांदा चढते. रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली मादी शेवटी खाली उतरते आणि एखाद्या फटीत हजारो अंडी घालून मरते. म्हणजे रविवारी आपण कुत्र्याच्या अंगावरून जे काढता, तो त्या वेळी जेवायला आलेला थोडासा भाग असतो; उरलेले सारे चौकटीच्या फटीत, स्विचबोर्डामागे, तसबिरींच्या मागे, पडद्यांच्या घड्यांत आणि कुत्र्याच्या अंथरुणाखाली आपल्या पाळीची वाट पाहत असतात. अन्नावाचून ते कित्येक महिने तग धरतात, त्यामुळे कुत्र्याला पंधरा दिवस गावी ठेवल्यानेही घर स्वच्छ होत नाही.

आपल्या पत्रातील दोन गोष्टी एकमेकींना मारक आहेत, हे मला आवर्जून सांगायचे आहे. मानेवर सोडण्याचे औषध त्वचेवरील तेलकट थरातून हळूहळू अंगभर पसरते आणि त्यासाठी थेंब सोडण्याच्या दोन दिवस आधी व दोन दिवस नंतर अंघोळ घालायची नसते. दर आठवड्याला शाम्पू लावल्याने त्या औषधाचा प्रभाव बराच लवकर ओसरतो, आणि शाम्पूचा स्वतःचा परिणाम तर अंग वाळेपर्यंतच टिकतो. म्हणून साप्ताहिक अंघोळ थांबवावी, किंवा ती आवश्यकच असेल तर आपल्या पशुवैद्यांना विचारून पोटात देण्याची गोळी सुरू करावी. फ्लुरालानेर, अफोक्सोलानेर या गटातील गोळ्या अंघोळीने धुऊन जात नाहीत. त्यांचा परिणाम औषधानुसार एक ते तीन महिने टिकतो. मात्र कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगावे, कारण या गटातील औषधांनी काही प्राण्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 साली दिला होता.

औषध चालू झाल्यावर कुत्राच आपल्या घरातील सापळा होतो : जो गोचीड त्याला चावेल, तो मरेल. पण फटींतील सगळे गोचीड एकदम बाहेर येत नाहीत, म्हणून गोचीड दिसेनासे झाल्यानंतरही किमान तीन-चार महिने खंड न पाडता औषध द्यावे लागते. बहुतेक घरांत नेमकी इथेच चूक होते. दुसऱ्या महिन्यात अंग स्वच्छ दिसते, गोळी महाग वाटते, तिसरा महिना चुकतो आणि चौथ्या महिन्यात पुन्हा पहिला दिवस. त्याबरोबरच भिंतींच्या फटी सिमेंटने किंवा पुट्टीने बुजवाव्यात, अंथरुणे कडकडीत गरम पाण्यात धुवावीत आणि कोपरे व्हॅक्यूम क्लीनरने काढून त्यातील कचरा लगेच घराबाहेर टाकावा. कीटकनाशकाची फवारणी करून घेणार असाल तर घरात प्राणी असल्याचे आधी सांगावे, फरशी पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला आत आणू नये आणि माशांची टाकी असल्यास ती दुसरीकडे हलवावी, कारण यातील अनेक औषधे माशांना अत्यल्प प्रमाणातही मारतात.

अंगावरचा गोचीड काढताना चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ, सावकाश ओढावा आणि स्पिरिटमध्ये टाकावा. बोटांनी चिरडू नये, उदबत्तीचा चटका देऊ नये. कान, बोटांमधील बेचके, काख आणि गळपट्ट्याखालची जागा रोज पाहावी. कुत्रा एकाएकी खाईनासा झाला, अंग तापले, हिरड्या फिक्या पडल्या, नाकातून रक्त आले किंवा लघवी चहासारखी गडद झाली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. गोचिडांमुळे होणारे एर्लिकिओसिस आणि बबेसिओसिस हे आजार रक्ततपासणीत वेळीच सापडले तर बरे होतात. उशीर झाल्यामुळे दगावलेली कुत्री मी पाहिली आहेत आणि त्यांतील बहुतेकांच्या घरी ‘दोन दिवस पाहू’ असेच म्हटले गेले होते.

प्रश्न : आमचे गावचे घर शिमग्यापासून बंद होते. गणपतीसाठी उघडले आणि पाऊल ठेवताच पायांवर पिसवा उडू लागल्या. घरात कोणताच प्राणी नाही. फक्त पडवीत एक मांजरी व्यायली आहे आणि तिची पिल्ले सतत खाजवतात. आमच्याकडे कुत्र्यासाठी आणलेले औषधाचे थेंब आहेत. ते थोडे थोडे पिल्लांना लावले तर चालेल का? — एक वाचक, मुंबई (मूळ गाव रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : नाही. ते थेंब कृपया पिल्लांना किंवा मांजरीला लावू नका. कुत्र्यांच्या अनेक औषधांत परमेथ्रिन असते. मांजराचे यकृत त्याचा निचरा करू शकत नाही आणि काही तासांतच लाळ गळणे, अंग थरथरणे, झटके येणे सुरू होते. मांजर म्हणजे लहान आकाराचा कुत्रा नव्हे. इथे ‘थोडेसे’ लावूनही भागत नाही. चुकून लागलेच असेल तर कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाने अंग धुवावे, कोरडे करून उबेत ठेवावे आणि तसेच डॉक्टरांकडे न्यावे. फिनेल, कापूर आणि टी ट्री तेलही मांजरांपासून दूर ठेवावे.

पिल्लांसाठी सर्वांत सुरक्षित साधन म्हणजे उवांची बारीक फणी. शेजारी साबणाच्या पाण्याचा वाडगा ठेवून दिवसातून दोनदा विंचरावे आणि निघालेल्या पिसवा त्यात बुडवाव्यात. केसांत काळी रवाळ घाण दिसली तर ती ओल्या कापसावर ठेवून पाहा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्तच आहे. हा प्रकार किरकोळ समजू नये, कारण इवल्या पिल्लांचे रक्त पिसवा इतके शोषतात की ती त्यामुळे मरू शकतात. हिरड्या पांढरट दिसत असतील तर त्यांना आजच दाखवावे. मांजरीला मांजरांसाठीचेच औषध पशुवैद्यांकडून लावून घ्यावे.

बंद घराचे कोडे असे आहे. पिसूची मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि ती अंगावर न राहता खाली सांडतात. अळ्या अंधाऱ्या, दमट जागी वाढतात आणि कोश विणतात. कोशातील पिसू तयार होऊनही बाहेर पडत नाही. पावलांचा हादरा, शरीराची ऊब आणि श्वासातील वायू जाणवेपर्यंत ती कित्येक आठवडे, कधी महिनेही थांबून राहते. आपण दार उघडून आत पाऊल टाकले, तोच तिच्यासाठी इशारा ठरला. कोशावर औषधाचा फारसा परिणाम होत नाही, त्यामुळे एका फवारणीनंतर दोन-तीन आठवडे नव्या पिसवा दिसल्या तरी औषध फुकट गेले असे समजू नये. रोज कोपऱ्याकोपऱ्यांतून केर काढावा, चटया व गोधड्या कडक उन्हात टाकाव्यात आणि गोणपाटे, जुन्या गाद्या घरातून हलवाव्यात. मांजरीचा बंदोबस्त न करता घरच साफ करीत राहिलात तर पडवीतून नवी अंडी येतच राहतील.

प्रश्न : गोठ्यात म्हशींवर फवारायचे गोचिडांचे औषध राखणीच्या कुत्र्यावर मारले तर काय बिघडते? — एक शेतकरी, सातारा जिल्हा

उत्तर : औषधाचे घटक कधीकधी एकच असतात, पण मिसळण्याचे प्रमाण वेगळे असते आणि कुत्रा स्वतःचे अंग चाटतो. अंदाजाने मिसळलेले औषध त्याच्या पोटात जाते. गोठ्यात मांजर असेल तर धोका आणखी मोठा आहे. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शनही कुत्र्याला परस्पर देऊ नये. कोलीसारख्या काही जातींत ते मेंदूपर्यंत पोहोचते आणि जीव जातो. रॉकेलने कातडी भाजते, त्यामुळे तेही लावू नये.

प्रश्न : कुत्र्याच्या गोचिडांमुळे माकडताप होतो का? — एक वाचिका, सिंधुदुर्ग

उत्तर : माकडताप, म्हणजे 1957 साली कर्नाटकातील शिमोगा भागात प्रथम ओळखला गेलेला क्यासानूर जंगलाचा आजार, मुख्यतः जंगलातील वेगळ्या जातीच्या गोचिडांमुळे पसरतो. आपल्या जिल्ह्यात दोडामार्ग परिसरात 2016 पासून त्याचे रुग्ण आढळले आहेत, त्यामुळे आपली काळजी रास्त आहे. डिसेंबर ते मे या काळात काजूच्या बागेत किंवा रानात जाऊन आल्यावर अंग व कपडे नीट तपासावेत, कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि मरून पडलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला कळवावे. बरोबर गेलेल्या कुत्र्याला घरात घेण्याआधी अंगणातच तपासावे आणि त्याच्या अंगावर गोचीड सापडले तर ते उघड्या हाताने काढू नयेत.