ती किडनी फॉर्मेलिनमध्ये टाकण्याआधी

सोलापूर

प्रिय डॉक्टर,

नेफ्रेक्टोमीत काढलेल्या किडनीचा रिपोर्ट झँथोग्रॅन्युलोमॅटस पायलोनेफ्रायटिस (किडनी पोखरणारा दुर्मीळ, जुनाट संसर्ग) आला, आता जर्नलसाठी केस रिपोर्ट लिहू का, असं विचारलंस. जरूर लिही. पण आधी एक सांग: टिश्यूचा एखादा तुकडा सलाइनमध्ये ठेवला होता का?

केस रिपोर्टचं बरंवाईट ओटीतल्या (ऑपरेशन थिएटरमधल्या) दहा मिनिटांत ठरतं, आणि त्या वेळी केस दुर्मीळ आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून बंद पडलेली, पू भरलेली प्रत्येक किडनी एकाच पद्धतीने हाताळायची. टिश्यू टिकवणाऱ्या फॉर्मेलिनने जंतू मरतात, डीएनए खराब होतो; मग कल्चर नाही की सीबीनॅट (टीबीची डीएनए तपासणी) नाही. आपल्याकडे अशा किडनीत टीबी नाकारल्याशिवाय जर्नलचा कुठलाही रिव्ह्यूअर पुढे वाचणार नाही. तेव्हा पू आणि टिश्यूचा तुकडा निर्जंतुक डबीत, सलाइनमध्ये, लगेच लॅबला. गाठीची शंका असेल तर मात्र किडनीला सुरी लावण्याआधी पॅथॉलॉजिस्टला फोन कर, नाहीतर मार्जिन, म्हणजे गाठ पूर्ण निघाली का हे दाखवणारी कड, हातचं जाईल.

उरलेली किडनी बाहेरच्या फुगीर कडेने हायलमपर्यंत (रक्तवाहिन्या शिरतात त्या खाचेपर्यंत) उभी चिरायची. फॉर्मेलिन तासाला जेमतेम १ मिलिमीटर आत शिरतं. अख्खी किडनी टाकली तर मधला भाग कुजतो आणि स्लाइडवर काही कळत नाही. १० टक्के बफर्ड फॉर्मेलिन, टिश्यूच्या १० पट. सलाइनच्या रिकाम्या बाटलीचं तोंड कापून त्यात किडनी कोंबायची सवय सगळीकडेच आहे, ती सोड. खडा धुऊन कोरडा पाठव. फॉर्मेलिनमध्ये स्ट्रुव्हाइटचं (संसर्गातून होणाऱ्या खड्याच्या क्षाराचं) रूपच बदलू शकतं, आणि या आजारातला स्टॅगहॉर्न, म्हणजे शिंगासारखा फांद्यांचा खडा, बहुधा त्याचाच असतो.

फोटो चिरण्याआधी एक, चिरल्यावर एक. रक्त पुसून, हिरव्या कापडावर, शेजारी पट्टी, फ्लॅश बंद. नाव किंवा नोंदणी क्रमांक चौकटीत नको. सीटीच्या कोपऱ्यातलं नाव तर हमखास विसरलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर छापण्याजोगा राहत नाही.

ऑपरेशनची संमती छापण्यासाठी चालत नाही, वेगळी लागते. ती दुखण्यात कळवळणाऱ्या माणसाकडून घेऊ नकोस, डिस्चार्जच्या दिवशी घे, आणि त्याच्या भाषेत. पूर्व भागातल्या विणकर आजीला तेलुगू, इंडीहून आलेल्या काकांना कन्नड. अंगठा असेल तर त्रयस्थ साक्षीदार. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडणार नाही, हे तोंडाने सांग. दोन फोन नंबर घे, एक शेजाऱ्याचा. ऊसतोड सुरू झाली की फॉलोअपला कुणी येत नाही, आणि ३ महिन्यांनंतरच्या क्रिएटिनिनशिवाय (किडनीच्या कामाच्या रक्ततपासणीशिवाय) रिपोर्ट अर्धवट दिसतो.

आता लिहिण्याचं. श्लागेनहाउफरने हा आजार १९१६ मध्ये सांगितला. ‘दुर्मीळ केस’ एवढ्यावर आज तो कुणी छापणार नाही, आणि छापलाच तर बहुधा पैसे घेऊन छापेल. चकवा कुठे बसला ते शोध. सीटीत अस्वलाचा पंजा, ही या आजाराची ओळखीची खूण, दिसूनही कॅन्सर म्हटलं गेलं? आतड्याशी फिस्टुला (जोडणारी वाट) होता? रुग्ण लहान मूल होतं? तेच शीर्षकात घाल. फेसाळ मॅक्रोफेज (चरबी भरलेल्या संरक्षक पेशी) दिसले हे पुरेसं नाही. मायकेलिस-गुटमन बॉडीज नव्हत्या, म्हणजे मॅलाकोप्लाकिया (असाच दिसणारा दुसरा आजार) नाही, हेही लिही. निगेटिव्ह निकालांनीच निदान उभं राहतं. ‘पहिलीच केस’ हे शब्द लिहूच नकोस. केअरची (केस रिपोर्ट लिहिण्याच्या नियमावलीची) २०१३ची चेकलिस्ट शेजारी ठेव. तारखांऐवजी ‘दिवस ०, दिवस ९’ अशी टाइमलाइन कर.

जुन्या रजिस्टरातून सात-आठ केस काढून मालिका करायची असेल तर आधी एथिक्स कमिटीची परवानगी घे. आणि सातांपैकी तिघांना ‘४२.९ टक्के’ म्हणू नकोस, सातांपैकी तीन असंच लिही.

टिश्यूचे मेणातले ब्लॉक अजून पॅथॉलॉजीत असतील. सोमवारी जाऊन टीबीचे जंतू दाखवणारा झील-नील्सन स्टेन मागून घे.

तुझा,
सर